बांधले, पण विकले नाही: मोनॅकोच्या पास्टोर घराण्याचे प्रकरण

आमच्या गिरगावातील चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी गेली काही वर्षे चालू आहेत आणि मी पेशाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे करारनाम्याचे मसुदे वाचण्याचे काम रहिवाशांच्या समितीने माझ्याकडे सोपवले आहे. मागे एका बैठकीत आमच्या मजल्यावरच्या काकांनी, ज्यांचा जन्म याच चाळीतला, एक प्रश्न विचारला. "मालक चाळ विकून मोकळा झाला, बिल्डर टॉवर बांधून मोकळा होईल. मग चाळीस वर्षांनी गच्ची गळायला लागली तर दाद मागायची कोणाकडे?" बैठकीत या प्रश्नावर थोडे हसू झाले आणि चर्चा पुन्हा कार्पेट एरियाकडे वळली. मला मात्र त्यावरून एक परदेशी उदाहरण आठवत राहिले, कारण तिथे एका घराण्याने शहराचा मोठा भाग बांधला, तो बहुतांशी विकला नाही, आणि चाळीस वर्षांनंतरही दाद मागायची ती त्याच दारात. हे घराणे म्हणजे मोनॅकोचे पास्टोर. त्यांचे प्रकरण इथे सविस्तर मांडले आहे, आणि मुंबई जिथे आपसूक आडवी आली तिथे तिला येऊ दिले आहे.

मोनॅको हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, इटलीच्या सीमेजवळचे संस्थान. क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारणपणे आपल्या धारावीएवढे, आणि लोकवस्ती ३८ ते ३९ हजार. ते पूर्वी एवढे लहान नव्हते. १८६१ मध्ये मांताँ आणि रोकब्रून ही दोन गावे ४० लाख फ्रँकच्या मोबदल्यात फ्रान्सकडे गेली आणि सुमारे ९५ टक्के मुलूख हातचा सुटला. लिंबांच्या बागा गेल्या, उरला तो समुद्रात घुसलेला खडक आणि त्याच्या मागचा डोंगरउतार. पोट भरण्यासाठी राजघराण्याने जुगाराचा मार्ग धरला. १८६३ मध्ये कॅसिनो चालवणारी कंपनी उभी राहिली, १८६८ मध्ये रेल्वे आली आणि १८६९ मध्ये रहिवाशांवरील प्रत्यक्ष कर रद्द झाले. पुढच्या दीडशे वर्षांतील बांधकामाचे सारे गणित या अवघ्या सहा वर्षांत मांडले गेले होते, असे म्हणायला हरकत नाही.

१८८०च्या सुमारास इटलीच्या लिगुरिया प्रांतातून जाँ-बाप्तिस्त पास्टोर नावाचा पाथरवट इथे कामाला आला. डोंगरउतारावर घर बांधायचे तर आधी खडक फोडून पायरी काढावी लागते, मागे दगडी संरक्षक भिंत घालावी लागते आणि मग पायाचा विचार करता येतो. अशा गावात दगडाची जाण असलेल्या माणसाला काम कमी पडण्याचे कारण नव्हते. पाथरवटाचा कंत्राटदार झाला, कंत्राटदाराची पेढी झाली, आणि १९३०च्या दशकात संस्थानच्या पहिल्या फुटबॉल स्टेडियमचे काम याच पेढीला मिळाले. त्या स्टेडियमला तेव्हाचे राजे दुसरे लुई यांचे नाव होते.

इथपर्यंतची कथा मुंबईकराला ओळखीची वाटेल. १८६५ साली सुरू झालेल्या शापूरजी पालनजी या पारशी पेढीने त्याच दशकात बॅकबेच्या भरावावर ब्रेबॉर्न स्टेडियम उभारले आणि १९३७ मध्ये ते खुले झाले. दोन्हीकडे एकच घराणे, एकच धंदा, समुद्राकाठी एकच प्रकारचे काम. पण मुंबईची पेढी मुख्यतः दुसऱ्यांसाठी बांधत राहिली आणि आपली कीर्ती इतरांच्या इमारतींवर ठेवून गेली. पास्टोर घराण्याच्या दुसऱ्या पिढीने वेगळी वाट धरली, आणि या प्रकरणाचा खरा विषय ती वाट आहे.

जाँ-बाप्तिस्तचा मुलगा जिल्दो पास्टोर १९१० मध्ये जन्मला आणि १९९० मध्ये वारला. दुसरे महायुद्ध संपल्यावर, जुगाराचे गिऱ्हाईक रोडावलेले आणि संस्थान मंदावलेले असताना, त्याने समुद्रकाठच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. आज ऐकणाऱ्याला समुद्रकाठ म्हणजे सोन्याची खाण वाटते, पण तेव्हाच्या लार्वोतो भागात रेल्वेचे रूळ किनाऱ्याला लागून जात होते. ज्याने चर्नी रोड स्थानकाच्या पुलावर उभे राहून एका बाजूला गिरगाव आणि दुसऱ्या बाजूला मरीन ड्राइव्ह पाहिले आहे, त्याला हे चटकन समजेल. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि मध्ये रूळ, अशा जागेचा भाव रूळ असेतोवर एक असतो, रूळ गेल्यावर दुसरा. आपले रूळ तिथेच राहिले. मोनॅकोत ते गेले. १९४९ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या रेनिए यांनी रेल्वे बोगद्यात घालण्याचे काम हाती घेतले, १९६४ पर्यंत किनाऱ्याचा पट्टा मोकळा झाला आणि भराव घालून लार्वोतोची पुळण तयार झाली. पाठोपाठ फाँव्हिएय भागात सुमारे २२ हेक्टर जमीन समुद्रातून काढण्यात आली. रेनिए यांना तिथले लोक 'बांधकाम करणारा राजा' म्हणतात ते उगीच नाही.

राजाला उंच इमारती हव्या होत्या, कारण जमीन वाढवण्याला मर्यादा होती आणि पैसेवाल्या रहिवाशांवाचून संस्थान चालणार नव्हते. जिल्दोकडे जमीन होती, बापाकडून आलेली बांधकामाची पेढी होती आणि थांबण्याची तयारी होती. १९६०च्या दशकापासून समुद्रकाठच्या रस्त्याच्या कडेने त्याचे निवासी मनोरे उभे राहिले. परवानगी देणारा एक आणि मोठा बांधणारा एक, अशी गाठ लहान गावात पडते तेव्हा काय होते ते इथे दिसते. नगररचनेवर शहरभर वाद होत नाहीत, निर्णय लवकर होतात, आणि चुकले तर चूकही लवकरच बारा-पंधरा मजले वर जाते. बागा आणि कमानी असलेले जुने बंगले पाडून त्या जागी सज्जांच्या एकसारख्या रांगा आल्या, अशी टीका मोनॅकोवर त्या काळापासून होत आली आहे. माझ्या मते ती रास्त आहे. त्या इमारतींत वास्तुकला म्हणून डोळे भरून पाहावे असे थोडेच आहे.

पण जिल्दोने त्या सदनिका विकण्याऐवजी भाड्याने देण्यावर भर दिला. बांधायचे, भाड्याने द्यायचे, भाड्यातून पुढची जमीन घ्यायची, हे त्याचे सूत्र. धंदेवाईक दृष्टीने हे धाडसाचे वाटते, कारण विकले की पैसा लगेच सुटतो आणि भाड्यात तो पिढीभर अडकतो. तरीही हे का जमले, याची कारणे त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा तिथल्या कायद्यात शोधलेली बरी.

मोनॅकोत राहण्याचा परवाना हवा असेल तर राहायला जागा असल्याचे दाखवावे लागते. ती स्वतःची असो वा भाड्याची. त्यामुळे भाडेकरार हा तिथे निव्वळ छपराचा करार राहत नाही, तो करमुक्त रहिवासाचा दरवाजा ठरतो. (फ्रेंच नागरिकांना ही सवलत नाही. १९६२ मध्ये फ्रान्सशी त्यावरूनच मोठा तंटा झाला आणि १९६३ च्या करारानुसार मोनॅकोत राहणाऱ्या फ्रेंचांना फ्रान्सचा प्राप्तिकर लागू झाला.) शिवाय घर बाळगण्यावर दरवर्षीचा मालमत्ता कर नाही आणि आईबापांकडून मुलांकडे जाणाऱ्या इस्टेटीवर वारसा कर नाही. इमारत धरून ठेवायला जिथे देखभालीखेरीज जवळपास काहीच खर्च येत नाही, तिथे विकण्याची घाई कशाला?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते एका तारखेत आहे. मोनॅकोतही जुन्या घरांच्या भाड्यावर नियंत्रण आहे, पण ते १ सप्टेंबर १९४७ पूर्वी बांधलेल्या इमारतींपुरते. २००० सालच्या कायद्यातही तीच सीमारेषा कायम आहे आणि त्या जुन्या घरांवर संस्थानच्या नागरिकांचा व तिथल्या मातीशी नाते असलेल्यांचा हक्क आधी मानला जातो. त्या तारखेनंतर बांधलेल्या घराचे भाडे मालक आणि भाडेकरू आपसांत ठरवतात. जिल्दोचे मनोरे या रेषेच्या पलीकडे उभे राहिले.

मुंबईत याच सुमारास जे घडले ते या तारखेशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे भाडे, गोठवले ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्या आकड्यावर. म्हणजे तिथेही सप्टेंबरची पहिली आणि इथेही. फरक असा की आपला कायदा जुन्या घरांशी थांबला नाही. नंतर बांधलेले घर ज्या भाड्याने पहिल्यांदा दिले जाई, ते भाडेही तिथेच अडकून पडे. युद्धकाळात भाडेकरूंची लूट होत होती आणि संरक्षण आवश्यकच होते, याबद्दल मला शंका नाही. माझे स्वतःचे बालपण त्याच संरक्षणाखाली गेले. पण १९३०च्या दशकात मुंबई हे भाड्याच्या घरांचेच शहर होते. गिरगावच्या चाळी भाड्याच्या, दादरच्या इमारती भाड्याच्या, मरीन ड्राइव्हची समुद्राकडे तोंड करून बसलेली, एका उंचीची रांगही बरीचशी भाड्याने देण्यासाठीच बांधलेली. जिल्दोने लार्वोतोला जे १९६० नंतर केले ते मुंबईच्या मालकांनी तीस वर्षे आधी केले होते. १९४७ नंतर मात्र भाड्यासाठी बांधण्यात कोणाला रस उरला नाही, आणि ओनरशिप फ्लॅट व सहकारी सोसायटी हीच मुंबईची रीत झाली. १९६० चा सहकार कायदा आणि १९६३ चा मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, यांनी त्या रीतीला कायद्याची चौकट दिली.

आमच्या घरात वडिलांनी जपून ठेवलेल्या भाडेपावत्यांचा एक गठ्ठा आहे, तारेत ओवलेला. दर महिन्याला मालकाचे मेहताजी चाळीच्या जिन्याखाली टेबल टाकून बसत आणि पावती फाडत. सुरुवातीच्या पावत्या जाड कागदाच्या, निळ्या शाईत सुबक अक्षरांनी लिहिलेल्या आहेत. पुढे कागद पातळ होत जातो, अक्षर बिघडत जाते, आणि दुरुस्ती उपकराचा रकाना वाढतो. भाडे ४२ रुपये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, तेव्हा मेहताजींनी चौकटीत १ रुपया ६८ पैसे असा आकडा लिहिला होता. ही वाढ पंचवीस वर्षे न चुकता चक्रवाढीने केली तरी भाडे ११२ रुपयांच्या आसपास जाते, आणि तेवढ्यात आज प्लंबर नळाला हात लावत नाही.

मालकाने दुरुस्ती सोडली. पुढच्या सज्जाच्या लाकडी खांबांना टेकू लागले, मग टेकूंना टेकू लागले. पागडी हे त्यातून निघालेले समांतर चलन होते. खोली हस्तांतरित होताना मालकाला त्यात वाटा मिळे आणि मालकीचा तेवढाच अर्थ शिल्लक राहिला होता. १९९९ च्या कायद्याने तिलाही मान्यता दिली. इमारतींची अवस्था पाहून सरकारने १९६९ मध्येच दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि दक्षिण-मध्य मुंबईतील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांतल्या 'अ' वर्गाची सीमा पुन्हा तीच, १ सप्टेंबर १९४०. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, पण तोवर मालकवर्गाचा धीर सुटून दोन पिढ्या झाल्या होत्या. मुंबईच्या मालकाला इमारतीत राहण्याचे कारण उरले नाही, म्हणून तो निघाला. मोनॅकोच्या मालकाला निघण्याचे कारण नव्हते, म्हणून तो राहिला. दोघांच्या हेतूंत फार अंतर असेल असे मी मानत नाही.

अभियंता म्हणून मला यातून एक गोष्ट नेमकी दिसते. ज्याला घर विकायचे आहे त्याचे लक्ष ताबा देण्याच्या दिवसावर असते, आणि ज्याला भाडे घ्यायचे आहे त्याला तिसाव्या वर्षाचा जिना डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. विकणारा नळवाहिन्या भिंतीत गाडतो, कारण तशा त्या छान दिसतात. भाडे घेणाऱ्याला त्या हाताशी येतील अशा डक्टमध्ये हव्या असतात, कारण गळती काढायला येणाऱ्या माणसाची मजुरी त्याच्या खिशातून जाणार असते. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर उभ्या असलेल्या काँक्रीटला दोन्ही शहरांत तोच रोग होतो. सळई गंजून फुगते, वरचे आवरण फुटते, सज्जाची कड आधी जाते. हे वेळेत बघायला कोणी मालक लागतो. सोसायटीत मालक पुष्कळ असतात आणि सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही.

मात्र या उदाहरणाला भुलून जाऊ नये. मोनॅकोचा मालक टिकला तो भाडेकरू श्रीमंत होता म्हणून. संस्थानात ५० हजारांहून अधिक लोक नोकरी करतात, म्हणजे तिथल्या रहिवाशांहूनही जास्त, आणि त्यांतील बहुसंख्य रोज फ्रान्स व इटलीतून येऊन-जाऊन काम करतात. १८६१ मध्ये गमावलेल्या मांताँमधून लोक सकाळी गाडीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांचा विरार-कर्जत सीमेपलीकडे आहे, एवढेच. संस्थानच्या स्वतःच्या नागरिकांना, जे लोकसंख्येच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास आहेत, खुल्या बाजारातले भाडे झेपणारे नाही. त्यांच्यासाठी सरकार वेगळी घरे बांधते. २०१५ मध्ये पुरा झालेल्या १७० मीटर उंचीच्या ओदेओं मनोऱ्याच्या प्रकल्पातही, जो पास्टोर नव्हे तर मार्झोको या दुसऱ्या घराण्याने बांधला, एका भागात धनिकांच्या सदनिका आहेत आणि दुसऱ्या भागात नागरिकांसाठी सरकारी घरे. आमच्या चाळीतला माणूस मोनॅकोत जन्मला असता तर तो पास्टोरांचा भाडेकरू नक्कीच नसता.

जिल्दोच्या मागे व्हिक्टर, मिशेल आणि एलेन ही तीन मुले, आणि इस्टेटीची तीन वाट्यांत विभागणी झाली. आपल्याकडे अशा वेळी भाऊबंदकी लागून वाडा विकला जातो आणि पैसे वाटून घेतले जातात. इथे वाटे झाले तरी धारण करून भाड्याने देण्याची रीत मोडली नाही, कारण ती मोडण्यात फायदा नव्हता. व्हिक्टर २००२ मध्ये वारले. मिशेल, जे काही वर्षे मोनॅकोच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते, ते फेब्रुवारी २०१४ मध्ये गेले. त्याच वर्षी ६ मे रोजी नीसमधील रुग्णालयात आजारी मुलाला भेटून बाहेर पडताना एलेन यांच्यावर गोळीबार झाला. चालक आणि त्या, दोघेही काही दिवसांच्या अंतराने दगावले. त्यांच्या मुलीच्या जोडीदाराला २०१८ मध्ये या कटाबद्दल जन्मठेप झाली. जगाला पास्टोर हे नाव कळले ते या खुनामुळे, आणि त्यावर इतके लिहिले गेले आहे की घराण्याने सत्तर वर्षे जे केले ते झाकोळून गेले. इथे त्यात अधिक शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र नोंदवावे लागेल की एका घरात इतकी घरे साठली की त्या घरातील मृत्यू हा सगळ्या शहराचा विषय होतो. संस्थानातील बांधकाम आजही थांबलेले नाही. समुद्रातून काढलेल्या ६ हेक्टरांवरचा मारेतेरा हा भाग डिसेंबर २०२४ मध्ये खुला झाला.

काकांना हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, पण आपल्याकडे असा कोणी नाही ना?" नाही. पुनर्विकासानंतर आम्ही भाडेकरूंचे सभासद होऊ, सोसायटी नोंदली जाईल, आणि रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर राहील. सहाव्या वर्षापासून आम्हीच मालक आणि आम्हीच मेहताजी. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी बाजूला काढायचे असतात. बैठकीत हे आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा तरुण मंडळींचा पहिला प्रश्न मेंटेनन्स किती येणार हा होता, आणि तो चुकीचा नव्हता.

मसुद्यात सध्या मी एकच कलम नव्याने घातले आहे. ताबा देताना प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे, नळवाहिन्या व वीजवाहिन्यांचे आराखडे, सळईचे तपशील आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या हमीची मूळ कागदपत्रे संस्थेच्या स्वाधीन करावीत, आणि ती मिळेपर्यंत बँक हमीचा शेवटचा हप्ता सोडू नये. बिल्डरच्या वकिलांनी एकदा ते तांबड्या शाईने खोडून परत पाठवले. पुढच्या बैठकीत काकांनी मसुदा मागून घेतला, चष्मा लावून ते खोडलेले कलम आपल्या थरथरत्या अक्षरात समासात पुन्हा लिहिले, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.